दुधामांसावाचून सेहेचाळीस दिवस

गेल्या नाताळात आमच्या मंडळीतील एका घरी कलह माजला, आणि त्याचा निवाडा करण्याकरिता बाप व मुलगा असे दोघेही आमच्या दारी आले. कलहाचे कारण म्हणाल तर एक कप चहा. मुलगा पुण्यास नोकरीस असतो. तो सणाकरिता गावी आला होता. आईने मोठ्या कौतुकाने चहा पुढे ठेवला, तेव्हा त्याने सांगितले की मी आता दूध घेत नाही. मटण, कोंबडी, मासळी, अंडे, तूप आणि मध यांपैकीही काही घेत नाही. सणाच्या दिवशी मुलगा उपाशी राहणार म्हणून आई रडू लागली. बाप आमच्या मंडळीतील वडीलजनांपैकी एक, बोलण्यात मोजका मनुष्य. परंतु त्या दिवशी त्याला राहवले नाही. तो म्हणाला, "पाळकसाहेब, माझ्या आज्याला ज्यांनी ओसरीवर चढू दिलं नाही, ते हेच म्हणायचे की तुम्ही मांस खाणारी माणसं. आता माझंच पोरगं माझ्या ताटाकडं तसं बघतंय." मुलगा म्हणाला, "अण्णा, मी तुमच्या ताटाकडे बघत नाही. मी वासराकडे बघतो."

ह्या दोन वाक्यांवर काय बोलावे हे आम्हांस त्या वेळी सुचले नाही. शिवाय खरे सांगावयाचे तर आम्ही स्वतः तासाभरापूर्वीच मटणाचा रस्सा ओरपून बसलो होतो, आणि भरल्या पोटाने दुसऱ्याच्या पोटाविषयी निकाल देणे आम्हांस प्रशस्त वाटेना. सबब आम्ही मुदत मागून घेतली. राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत लेंतकाळ असतो. मधले रविवार धरले तर ते सेहेचाळीस दिवस होतात. तेवढे दिवस आम्ही सहकुटुंब त्या मुलासारखे जेवून पाहू आणि मग बोलू, असे आम्ही त्या दोघांस सांगितले. वाचकहो, त्या दिवसांत जे अनुभवास आले व त्यावरून जो विचार सुचला, तो येथे मांडतो.

प्रथम ह्या आहाराच्या नावाविषयी. इंग्लंडात १९४४ साली नोव्हेंबर महिन्यात डोनाल्ड वॉटसन नामक गृहस्थाने व त्याच्या थोड्या मित्रांनी एक संस्था काढली. मांस तर नाहीच, पण दूध, लोणी, अंडी इत्यादी जनावरांपासून मिळणारा कोणताच जिन्नस खावयाचा नाही, असे त्यांचे मत होते. इंग्रजीत शाकाहाऱ्यास 'व्हेजिटेरियन' म्हणतात. त्या शब्दाचा आरंभ व शेवट जोडून त्यांनी 'वीगन' हा शब्द बनविला. पुण्या-मुंबईकडील मुले हाच शब्द वापरतात. आम्ही येथे 'वनस्पत्याहार' असे म्हणू. कोणी 'शुद्ध शाकाहार' हा शब्द सुचवील, तर तो आम्हांस नको आहे. हमरस्त्यावरील खाणावळींच्या पाट्यांवर 'शुद्ध' हे अक्षर केवढे ठळक लिहिलेले असते ते आपण पाहतोच. ज्यांच्या पूर्वजांची सावलीदेखील अशुद्ध मानली गेली, त्यांनी त्या शब्दाचा उच्चार भोजनाच्या बाबतीत तरी जपून करावा.

आता प्रत्यक्ष प्रयोग. आमच्या पत्नीस हा बेत कळविला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "उपास तुमचा, आणि चुलीपुढं मी." हा टोला आम्हांस लागला, आणि तेव्हापासून भाजी निवडणे, लसूण सोलणे व भांडी विसळणे ही कामे आम्ही आपणाकडे घेतली. ज्या पुरुषांस असा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी प्रथम हे पाऊल उचलावे. नाहीतर त्यांचा सगळा त्याग बायकोच्या कष्टांवर उभा राहील.

पहिला आठवडा वाईट गेला. चहाची मोठीच अडचण झाली. बिनदुधाचा चहा कडू लागे. मग आले, गवती चहा व गूळ घालून उकळून पाहिला, तो बरा लागला, तरी सकाळी सहा वाजता जीव दुधाकरिता तळमळे. वरणावर तूप नाही, भाकरीबरोबर ताक नाही. आम्ही कुरकुर करीत होतो, आणि बाजारातून महागडे पदार्थ आणावेत काय, असाही विचार मनात आला. शहरात सोयाबीनचे व बदामाचे दूध डब्यांत मिळते. त्याची किंमत ऐकून तो विचार आम्ही तेथेच सोडला. उपदेशकाच्या मिळकतीत न बसणारा आहार आम्हांस तपासून पाहावयाचाच नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मात्र एक नवल घडले. आमच्या पत्नीचे माहेर दुष्काळी भागात. त्या एकदम म्हणाल्या, की आपण काही नवीन करीतच नाही. माझ्या आईच्या घरी वर्षाचे तीनशे दिवस हेच जेवण होते. घरी म्हैस असे, पण दूध विकावयाचे; लेकरांच्या वाट्यास ते कधीमधी येई. मटण म्हणजे जत्रा, लग्न किंवा नाताळ. बाकी दिवस चुलीवर जे शिजत असे त्यात जनावराचा अंशही नसे. आणि मग, जणू पेटीतले जुने लुगडे काढावे तशी, त्यांनी आईच्या हातची एकेक वस्तू आठवून काढावयास आरंभ केला.

पहिल्या दिवशी शेंगोळे झाले. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरे व मीठ वाटून घालावे, घट्ट मळावे, तळहातावर बोटाएवढ्या वळ्या करून त्यांना वेढा द्यावा, आणि लसणाची फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात त्या सोडाव्यात. पाणी आपोआप दाट होते. थंडीच्या रात्री वाफाळते शेंगोळे व कच्चा कांदा पुढे आला, तेव्हा मटणाची आठवण झाली नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे लिहितो. मग एके दिवशी अंबाडीची भाजी: पाला उकडून त्याचे आंबट पाणी काढून टाकावे, ज्वारीच्या कण्या व तुरीची डाळ घालून घोटावी, आणि वरून कढत तेलात तांबूस झालेला लसूण ओतावा. शेंगदाण्याची आमटी आम्ही पूर्वीही खात असू, पण उपवासाचा पदार्थ म्हणून; आता तिच्यात हिरवी मिरची, कोथिंबीर व आमसूल पडले आणि ती सणाची वाटू लागली. कारळ्याचे कूट भरलेली वांगी, जवसाची चटणी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पिठले, वरणफळे. गोडाकरिता तीळ, शेंगदाणे व गूळ भरलेली पोळी. ती तुपावाचून कोरडी लागेल अशी भीती होती. परंतु शेंगदाण्याचेच तेल सुटते, आणि ती तव्यावरून उतरताच मुलांनी संपविली.

ताकाकरिता मात्र झगडावे लागले. त्या मुलाने दूरध्वनीवरून एक कृती सांगितली: शेंगदाणे रात्रभर भिजवून साले काढावी, पाणी घालून बारीक वाटावे, गाळून ते पांढरे पाणी उकळावे, कोमट झाल्यावर त्यात चार हिरव्या मिरच्यांची देठे टाकून उबेला झाकून ठेवावे. प्रथम जे झाले त्याचा वास असा होता की मांजरानेही तोंड फिरविले. दुसऱ्या खेपेस ते नीट विरजले. त्याला दही म्हणता येईलसे आम्हांस वाटत नाही. पण पाणी घालून, जिरे, आले व मीठ लावून घुसळले असता उन्हाळ्याच्या दुपारी पिण्यास ते उत्तम मठ्ठा होते, आणि भाकरी त्याच्यासवे सुखाने उतरते.

खर्चाचा हिशेब ठेवला होता. मांस व दूध यांचे पैसे वाचले, डाळी, शेंगदाणे व तेल यांचे वाढले. एकंदरीत थोडी बचतच झाली. अंगातील शक्ती कमी झाली असे वाटले नाही. ज्वारीत जे पोषक अंश उणे असतात ते डाळी व कडधान्ये भरून काढतात, म्हणून भाकरी व उसळ यांची जोडी आपल्या आयांनी उगीच जमविलेली नाही. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो. गाईच्या तितक्याच दुधात तो १२० च्या आसपास असतो. शेंगदाण्यात पाव हिश्श्याइतके प्रथिन असते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट आहे आणि ती उपदेशकांनी विसरू नये. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व वनस्पतींत भरवशाचे मिळत नाही. ते दीर्घ काळ न मिळाल्यास रक्त व मज्जातंतू यांस अपाय होतो, आणि तो अपाय वर्षानुवर्षे दिसून येत नाही. महिना-दीड महिन्याने काही बिघडत नाही. पण जो कायमचा असा आहार धरील त्याने वैद्यकीय सल्ल्याने त्याच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता व लहान मुले यांच्या बाबतीत डॉक्टरांस विचारल्यावाचून काहीएक करू नये. ज्या घरी लेकरास आठवड्यातून एक अंडे कसेबसे मिळते, तेथे जाऊन ते अंडे सोडण्याचा उपदेश करणारा मनुष्य आमच्या मते त्या लेकराचा मित्र नव्हे.

कोणी म्हणेल, हे सर्व अलीकडच्या शहरी लोकांचे खूळ; ख्रिस्ती मंडळीस त्याचे काय? परंतु वस्तुस्थिती उलट आहे. आफ्रिका खंडातील इथिओपिया देशाची मंडळी फार प्राचीन आहे. चौथ्या शतकापासून तेथे ख्रिस्ताचे नाव घेतले जाते. त्या मंडळीतील सामान्य लोकदेखील वर्षातून सुमारे १८० दिवस मांस, दूध, लोणी व अंडी वर्ज्य करतात. बुधवार व शुक्रवार तर आहेतच, शिवाय पुनरुत्थानाच्या सणापूर्वी पंचावन्न दिवस. आणि ते दिवस ते रडत घालवितात असे नव्हे. टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून ते आपल्या आंबोळीसारखी मोठी, जाळीदार पोळी करतात; तिजवर मसुरीचे तिखट कालवण, कोबी, पालेभाज्या, आणि भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचे 'शिरो' नामक दाट कालवण वाढतात. ते शिरो आपल्या पिठल्याचे सख्खे भावंड आहे. लोण्याच्या ऐवजी त्या दिवसांत जी तेले वापरतात त्यांत एक तेल कारळ्याचे असते. कारळ्याची मूळ भूमी तोच देश. सह्याद्रीच्या पायथ्याशी आपले आदिवासी बांधव ज्या पिवळ्या फुलांच्या कारळ्याचे पीक घेतात आणि ज्याची काळी चटणी आपण भाकरीवर घेतो, ते तिकडील ख्रिस्ती लोकांच्या उपवासाचे तेल आहे, हे वाचून आमच्या पत्नीस एवढा आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी दोनदा चटणी वाटली. आपल्याच देशात केरळातील सुरियानी ख्रिस्ती लोकही पन्नास दिवसांचा असा उपवास पाळत आलेले आहेत.

मग आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हा नेम का नाही? त्याची कथा गंमतीची आहे. १५२२ साली स्वित्झर्लंडातील झुरिक शहरी, लेंतकाळात, फ्रोशावर नामक मुद्रकाच्या घरी काही मंडळींनी मांसाचे सॉसेज खाल्ले. त्या काळी तो गुन्हा होता. सरकारात चौकशी झाली. तेव्हा तेथील धर्मसुधारक झ्विंग्ली याने उपदेश केला की ख्रिस्ती मनुष्य अन्नाच्या बाबतीत स्वतंत्र आहे. ज्याला उपवास करावयाचा त्याने करावा, पण दुसऱ्यावर तो कायद्याने लादू नये. ह्या कथेतील जो भाग आम्हांस सर्वांत आवडतो तो असा की झ्विंग्ली त्या वेळी त्या घरी हजर होता, आणि त्याने स्वतः ते सॉसेज खाल्ले नव्हते. म्हणजे न खाणारा मनुष्य खाणाऱ्यांच्या स्वातंत्र्याकरिता उभा राहिला.

न खाणाऱ्याने खाणाऱ्याकडे कसे पाहावे, हाच आमच्या मते ह्या सगळ्या प्रकरणातील खरा प्रश्न आहे, आणि वडीलजनांच्या संतापाचे मूळही तेथेच आहे. प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हीच भांडणे आहेत. तेथे कोणी सर्व काही खात होते, कोणी केवळ भाजीपाला. पौल दोघांसही सांगतो की एकाने दुसऱ्यास तुच्छ मानू नये व दुसऱ्याने पहिल्यास दोषी ठरवू नये. परंतु एक फरक लक्षात घ्यावा. रोममध्ये भाजीपाला खाणारा दुबळा समजला जात असे. आपल्या देशात तो श्रेष्ठ समजला जातो. तेथे मांस खाणाऱ्याच्या ठायी तुच्छतेचा दोष शिरण्याचे भय होते, येथे मांस सोडणाऱ्याच्या ठायी आहे. आपल्याकडे ताटातून एक पदार्थ कमी केला की मनुष्य आपसूक एक पायरी वर चढल्यासारखा होतो, त्याची इच्छा असो वा नसो. दानीएलाचे उदाहरण पुष्कळ देतात, की त्याने दहा दिवस भाजीपाला खाल्ला व त्याचे मुख तेजस्वी झाले. परंतु त्याने राजाच्या मेजवरील अन्न नाकारले होते, गरिबाच्या चुलीवरील नव्हे. आणि दहाव्या अध्यायात तो म्हणतो की शोकाच्या तीन आठवड्यांत आपण मांस खाल्ले नाही, त्यावरून एरव्ही तो ते खात असावा असे दिसते.

पंडिता रमाबाईंचे जीवन ह्या ठिकाणी आठवते. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि अंडे घातलेले पक्वान्नही त्या घेत नसत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांस त्यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. रमाबाई म्हणत की ही आपल्या पूर्वजांची रीत आहे व ती पाळण्यास आपण मोकळ्या आहोत. कोणाचे खरे? आम्हांस वाटते, त्या एका बाबतीत दोघींचेही थोडे खरे असू शकेल. परंतु पुढे दुष्काळात सापडलेल्या सर्व जातींच्या मुली व स्त्रिया त्यांनी केडगावी आपल्या छत्राखाली घेतल्या, ह्यावरून त्यांच्या ताटाचा निवाडा त्यांच्या हातांनीच केला असे म्हणावे लागते. दुसरी गोष्ट १९२७ सालची. महाड येथील परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांस मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. ते सोडणे कोणाहून श्रेष्ठ ठरण्याकरिता नव्हते; ज्या घाणेरड्या कामास व उष्ट्या वाट्यास त्यांना बांधून ठेवले होते त्यातून मान वर काढण्याकरिता होते. म्हणजे अन्न सोडणे ही एकच क्रिया, पण तिचा अर्थ सोडणाऱ्यावर व ज्याच्यासमोर सोडतो त्यावर अवलंबून राहतो.

आता मुलाच्या वाक्याकडे वळू. तो वासराकडे पाहतो असे म्हणाला. आपण सारे शेतकरी. हे आपणापासून लपलेले नाही. गाय व्याल्यावाचून दूध देत नाही, आणि होणाऱ्या वासरांपैकी निम्मे गोऱ्हे असतात. पूर्वी गोऱ्ह्याचा बैल होई. आता ट्रॅक्टर आले, आणि संकरित गाईचा गोऱ्हा उन्हात औतास टिकत नाही. २०१५ पासून आपल्या राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे, तेव्हा तो विकलाही जात नाही. मग रात्री कोणी त्यास दूर नेऊन सोडतो, किंवा दुधाचा थेंब न देता दावणीस मरू देतो. आम्ही स्वतः अशी वासरे रस्त्याकडेला पाहिली आहेत व पुढे निघून गेलो आहो. त्या सेहेचाळीस दिवसांत ती आमच्या डोळ्यांपुढे पुनःपुन्हा आली. पहिल्या अध्यायात मनुष्यास व पशूंस मिळून वनस्पतींचेच अन्न नेमून दिले होते, आणि मांस पुढे, नोहाच्या वेळी, देण्यात आले, हे आम्ही सेमिनरीत शिकलो व परीक्षेत लिहिलेही होते. पण शिकलेली गोष्ट आमच्या ताटापर्यंत पोचली नव्हती.

तरीही आमच्या मंडळीत एक भगिनी आहे. नवरा वारला, जमीन दीड एकर, दोन गाई. दर दहा दिवसांनी दुधाचे पैसे येतात, त्यावर दोन मुलींचे शिक्षण चालले आहे. तिला आम्ही व्यासपीठावरून काय सांगावे? दूध हे पाप आहे? ज्याला नोकरीचा पगार आहे त्याने चहातील दूध सोडणे निराळे, आणि तिने गाय सोडणे निराळे. आम्ही तिला एवढेच विचारले, की गोऱ्हा झाला तर काय करतेस. ती गप्प बसली, आणि आम्हीही मग अधिक विचारले नाही.

पाचव्या आठवड्यात आमच्या प्रयोगाची खरी कसोटी लागली. दूरच्या एका वस्तीवर आम्ही प्रभुभोजनाच्या विधीकरिता गेलो होतो. तेथे एक वृद्ध विधवा राहते. आम्ही येणार म्हणून तिने आपल्या तीन कोंबड्यांपैकी एक कापली होती. ताट पुढे आले तेव्हा आम्ही हळूच म्हटले की आम्ही सध्या हे घेत नाही, भाकरी व चटणी दे. ती हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुमीबी आमच्या ताटाला शिवत न्हाई व्हय आता?"

आम्ही जेवलो. सगळे जेवलो, रस्सा मागून घेतला. ती समोर बसून पदराने वारा घालीत होती.

घरी येऊन आम्ही त्या मुलास दूरध्वनी केला व घडलेले सांगितले. तो शाबासकी देईल अशी आमची अपेक्षा नव्हती, आणि त्याने ती दिलीही नाही. तो म्हणाला, "पाळकसाहेब, आजीचं मन राखलंत हे ठीकच केलंत. पण ती कोंबडी तुमच्याकरिताच मेली." आम्ही निरुत्तर झालो. आजही त्याचे उत्तर आम्हांजवळ नाही. महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले, आणि पुढे १९१८ च्या मोठ्या आजारानंतर प्राणरक्षणाकरिता शेळीचे दूध घेतले. व्रताचे शब्द राखले पण आत्मा राखला नाही अशी खंत त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेविली. एवढ्या मोठ्या मनुष्यास जो काटा निघाला नाही तो आम्हांस निघाला नाही, ह्यात नवल नाही.

परंतु त्या मुलाने पुढे एक युक्ती सांगितली, जी आम्हांस कोणत्याही पुस्तकात सापडली नव्हती. तो म्हणाला, मी कोणाकडे जेवायला जाण्याच्या दोन दिवस आधीच निरोप धाडतो. 'मी अमुक खात नाही' असे मी म्हणतच नाही. 'मावशी, तुझ्या हातचं पिठलं खाऊन किती दिवस झाले' असे म्हणतो. ताट वाढल्यावर नाकारले तर माणूस दुखावते. चुलीवर काय ठेवावे ते आधी मागितले तर माणूस खुलते. आम्ही ही युक्ती वैशाखात करून पाहिली. त्याच वस्तीवर जावयाचे होते. आठ दिवस आधी उपदेशकाकरवी त्या आजीस निरोप धाडला की ह्या खेपेस हुलग्याचे शेंगोळे करावेत, आमच्या घरी तिच्यासारखे जमत नाहीत. हे खोटे नव्हते. आम्ही गेलो तेव्हा तिने शेजारच्या दोन बायका मदतीस बोलाविल्या होत्या, आणि पाळकास आपल्याच हातचे शेंगोळे हवे आहेत ही वार्ता सगळ्या वस्तीत पसरली होती. दोन्ही कोंबड्या अंगणात दाणे टिपीत होत्या.

पुनरुत्थानाच्या सणानंतर आमच्या घरात काय उरले, हेही सांगितले पाहिजे. मटण आता नाताळात व लग्नकार्यातच होते. तूप परत आले नाही. अंडे मुलांकरिता आहे. चहातील दूध मात्र तिसऱ्या दिवशीच परत आले. ह्या बाबतीत आम्ही दुर्बळ ठरलो, व त्या मुलाने ते ऐकून मोठ्याने हसून घेतले. त्याचे वडील अजून त्याच्याशी ह्या विषयावर बोलत नाहीत. परंतु परवा आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते परसात शेंगदाणे निवडीत बसले होते. कशाकरिता म्हणून विचारता ते मान वर न करता म्हणाले, "पोरगं येतंय शनिवारी. त्याची आई त्या मिरचीच्या देठांचं कायसं विरजण लावणार हाय. दोनदा नासलं, आता म्हनं दाणं चांगलं पायजेत."